सी टाइप सगळ्यांकडे आहे, मग टीव्हीवर चित्र का येत नाही?

गणपती जवळ आले की बेळगावच्या गल्ल्यांत मंडपाच्या खांबांबरोबर एक प्रश्नही उभा राहतो: मोबाईल टीव्हीला लावायला केबल कुठली घ्यायची? कुणाला हलत्या देखाव्यामागे व्हिडिओ चालवायचा असतो, कुणाला आरतीचे शब्द पडद्यावर आणायचे असतात, कुणाला जागरणाच्या रात्री मॅच बघायची असते. मंडळातला एखादा पोरगा खडेबाजारातून ‘सी टाइप टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर घेऊन येतो, जोडतो, आणि टीव्ही म्हणतो ‘नो सिग्नल’. तो परत जातो, दुकानदार दुसरा पीस देतो, त्याचीही तीच गत. पोरगा वैतागतो, “बॉक्सवर ऑल सी टाइप फोन म्हणून छापलंय की ओ!” दुकानदार म्हणतो, इतरांचं चालतंय, तुमच्याच टीव्हीत काहीतरी असेल.

टीव्ही बहुतेक वेळा चांगला असतो, कन्व्हर्टरही चांगला असतो. त्या मोबाईलमध्ये चित्र बाहेर पाठवायची सोयच कंपनीने ठेवलेली नसते. आणि ती आहे की नाही, हे चार्जिंगच्या भोकाकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळत नाही. म्हणून केबलचा विचार शेवटी करायचा. आधी मोबाईल तपासायचा.

भोक एक, आतल्या तारा वेगळ्या

यूएसबी टाइप सी हे २०१४ साली ठरलेलं एका सॉकेटचं आणि पिनेचं माप आहे. उलटी घातली काय, सुलटी घातली काय, पिन बसते. आज जवळपास सगळे नवे मोबाईल याच मापाचे आहेत. युरोपियन युनियनने तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना ते सक्तीचं केलं. पण या सक्तीचा संबंध चार्जिंगशी आहे. त्या भोकातून चित्र बाहेर आलंच पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

पूर्ण सोयीच्या सी टाइप सॉकेटमध्ये २४ संपर्क असतात. त्यातले काही वीज वाहतात. दोन तारांची एक जुनी जोडी साध्या यूएसबी २.० साठी राखलेली असते. तिचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. मग येतात वेगवान तारांच्या चार जोड्या, आणि आपली सगळी गोष्ट या चार जोड्यांवर ठरते. शिवाय सीसी नावाची एक तार असते, दोन्ही टोकांची उपकरणं तिच्यावरून आधी आपसात बोलून घेतात: तू कोण, तुला वीज किती हवी, तुला चित्र घेता येतं का.

दहा ते वीस हजारांच्या मोबाईलमध्ये कंपन्या बहुतेक वेळा फक्त वीज आणि ती जुनी ४८० मेगाबिटची जोडी एवढंच जोडतात. वेगवान चार जोड्या प्रोसेसरपर्यंत नेलेल्याच नसतात; कित्येकदा सॉकेटमध्येच त्या पिना कमी असतात. गिऱ्हाइकाला चार्जिंग होतं, फोटो लॅपटॉपवर जातात, पेनड्राइव्ह लागतो, तक्रारीला जागा राहत नाही. तक्रार येते ती थेट मंडपात.

इथे हुशार पोरं हमखास एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. नेटवरून यूट्यूबचा व्हिडिओ सेकंदाला पाच मेगाबिटमध्ये छान दिसतो, मग ४८० मेगाबिटची तार कमी कशी पडते? कारण नेटवरून येतो तो दाबून लहान केलेला व्हिडिओ. मोबाईल तो आत उलगडतो आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवून स्क्रीनला देतो. टीव्हीच्या एचडीएमआय सॉकेटला हाच उलगडलेला माल लागतो, दाबलेला चालत नाही. आता हिशेब करा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, आणि सेकंदाला अशी ६० चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला साधारण ३ गीगाबिट होतात, म्हणजे जुन्या जोडीच्या कमाल वेगाच्या सहापट. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर याच्या चौपट, १२ गीगाबिट. हे ओझं त्या वेगवान चार जोड्यांनाच पेलतं.

चार पदरांचा रस्ता

या चार जोड्यांवरून चित्र पाठवायची जी पद्धत रूढ आहे, तिचं नाव डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड. दुकानात, जाहिरातीत आणि मोबाईलच्या माहितीत ती ‘डीपी ऑल्ट मोड’ नावाने भेटेल. डिस्प्लेपोर्ट ही कॉम्प्युटर आणि मॉनिटर जोडायची आधीपासूनची पद्धत. ती सांभाळणाऱ्या व्हेसा या संस्थेने २०१४ च्या सप्टेंबरमध्येच ती सी टाइपवर आणली. कन्व्हर्टर लावला की तो सीसी तारेवरून सांगतो, मला डिस्प्लेपोर्ट कळतं. मोबाईललाही कळत असेल तर तो वेगवान जोड्यांवरची नेहमीची यूएसबी वाहतूक थांबवतो आणि त्यावरून चित्र सोडतो. मोबाईलला ही भाषा येत नसेल तर तो गप्प बसतो, आणि टीव्हीपर्यंत काही पोचतच नाही.

निपाणीहून बेळगावकडे येणारा हायवे चौपदरी आहे असं धरा. चारही पदर चित्राला दिले तर ४के ६० आरामात जातं. पण कन्व्हर्टरवर वेगवान पेनड्राइव्हसाठी यूएसबी ३ चं भोकही असेल तर दोन पदर त्या वाहतुकीला सोडावे लागतात. उरलेल्या दोन पदरांवरून, नेहमीच्या वेगाच्या डिस्प्लेपोर्टमध्ये, खरोखर जाणारा माल साडेआठ गीगाबिटच्या आसपास. फुल एचडीचे ३ गीगाबिट त्यात सहज मावतात, ४के सेकंदाला ३० चित्रांनी मावतं, १२ गीगाबिट मात्र नाही. सहा-सात भोकांच्या पुष्कळ हबवर बारीक अक्षरांत ‘४के ३० हर्ट्झ’ का लिहिलेलं असतं, त्याचं कोडं इथे सुटतं. मंडपातल्या किंवा घरच्या टीव्हीला फुल एचडी भरपूर झालं. दहा फुटांवरून आरतीचे शब्द वाचणाऱ्याला फरक दिसणार नाही, त्यामुळे ४के ६० साठी जादा पैसे मोजू नका.

दुसरं म्हणजे, मोबाईल बाहेर सोडतो ते डिस्प्लेपोर्ट आणि टीव्ही घेतो ते एचडीएमआय. दोन्ही पद्धती वेगळ्या. सी टाइपवरून थेट एचडीएमआय सोडायची एक पद्धत २०१६ मध्ये जाहीर झाली होती, पण ती बाजारात रुजली नाही. म्हणून प्रत्येक सी टाइप टू एचडीएमआय केबलच्या डोक्यात एक चिप बसवलेली असते आणि ती एकाचं दुसऱ्यात रूपांतर करते. हे रूपांतर एकाच दिशेने होतं. सेट-टॉप बॉक्सचं एचडीएमआय याच केबलने उलटं फिरवून सी टाइपच्या छोट्या मॉनिटरवर आणायचा प्रयत्न फुकट जातो; त्याला उलट्या दिशेचा वेगळा कन्व्हर्टर लागतो.

आणि टीव्हीच्या मागच्या चौकोनी यूएसबी भोकात चार्जिंगची केबल लावून मोबाईल दिसेल, ही आशा सोडून द्या. त्या भोकात चित्राची वाट नसतेच. ते पेनड्राइव्ह वाचण्यासाठी असतं. फार तर मोबाईल हळूहळू चार्ज होईल, एखाद्या टीव्हीवर त्यातले फोटो उघडतील.

आपला मोबाईल चालेल का?

मोबाईलच्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलची सविस्तर माहिती उघडा आणि यूएसबीची ओळ शोधा. ‘डिस्प्लेपोर्ट’ असा शब्द सापडला तर काम झालं. ‘यूएसबी २.०’ एवढंच असेल तर अँड्रॉइडमध्ये जवळपास नक्की नाही. ‘यूएसबी ३.१’ किंवा ‘३.२’ दिसलं पण डिस्प्लेपोर्टचा उल्लेख नसेल तर मामला अर्धवट. तारा असतील, पण कंपनीने सोय बंद ठेवलेली असू शकते. गूगलच्या पिक्सेलचंच बघा. तारा असूनही वर्षानुवर्षं चित्र बाहेर येत नव्हतं. पिक्सेल ८ मध्ये ते २०२४ साली सॉफ्टवेअर अपडेटने सुरू झालं.

सॅमसंगमध्ये एस मालिकेला २०१७ च्या एस ८ पासून ही सोय आहे, त्यावर डेक्स नावाचा कॉम्प्युटरसारखा पडदाही मिळतो. त्याच कंपनीच्या आपल्याकडे जास्त खपणाऱ्या ए आणि एम मालिकांत मात्र ती सहसा नसते. वनप्लसच्या महाग मोबाईलना २०१९ च्या ७ प्रोपासून आहे, नॉर्डवाल्यांनी ती गृहीत धरू नये. आयफोनला सी टाइप आलं २०२३ च्या आयफोन १५ पासून, आणि त्या वर्षीच्या चारही मॉडेलमधून चित्र बाहेर येतं. गंमत अशी की साध्या आयफोन १५ ची डेटा पाठवण्याची गती ४८० मेगाबिटच आहे, तरी वेगवान जोड्यांवरून तो चित्र सोडतो. म्हणजे वर सांगितलेला ‘यूएसबी २.० म्हणजे नाही’ हा ठोकताळा आयफोनला लावू नका.

इंटरनेटवर काही सापडलं नाही तर सरळ दुकानात जा, पण स्वतःचा मोबाईल घेऊन. “तुमच्या टीव्हीला लावून दाखवा, चित्र आलं तर घेतो” म्हणायला लाज कसली? चालणाऱ्या मोबाईलवर चित्र काही सेकंदांत येतं; कुठलं ॲप टाकावं लागत नाही, सेटिंग शोधावं लागत नाही. ‘डेव्हलपर ऑप्शनमध्ये हे चालू करा’ सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. नसलेली तार सेटिंगने उगवत नाही.

लॅपटॉपचं थोडं सोपं आहे. भोकाशेजारी ‘डी’ आणि ‘पी’ एकत्र गुंफलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचं विजेच्या बाणासारखं चिन्ह असेल तर चित्र येणार. पण पुष्कळ कंपन्या चिन्ह छापतच नाहीत, आणि एका लॅपटॉपवरच्या दोन सी टाइप भोकांपैकी एकच चित्र देतं असंही असतं. मराठी शाळांतल्या शिक्षकांनी, स्मार्ट क्लासच्या दिवशी मुलांसमोर खटपट नको असेल तर, दोन्ही भोकं आदल्या दिवशी करून बघावीत. ‘डिस्प्लेपोर्ट कनेक्शन मर्यादित असू शकतं’ अशा अर्थाची सूचना विंडोजने दाखवली तर बहुधा चुकीचं भोक निवडलंय.

चार्जरची केबल वेगळी

मॉनिटरलाच सी टाइप असेल तर कन्व्हर्टर लागत नाही, दोन्हीकडे सी टाइप असलेली केबल पुरते. पण मोबाईलच्या खोक्यातली केबल बहुतेक वेळा चार्जिंगचीच असते. तिच्यात वेगवान जोड्या घातलेल्याच नसतात. जाड आहे, शंभर वॅटची आहे, म्हणून चित्र जाईल असंही नाही. वॅट वेगळे, गीगाबिट वेगळे. २४० वॅटच्या कित्येक केबली डेटाच्या बाबतीत ४८० मेगाबिटच्याच असतात. केबलीवर १०, २० किंवा ४० गीगाबिट लिहिलेलं असेल, किंवा थंडरबोल्ट असेल, तर ती चित्रासाठी घ्या. अशा केबली लांबीने कमी असतात, मीटरभराच्या आसपास, कारण एवढ्या वेगात तांब्याच्या साध्या तारेवर संकेत लवकर क्षीण होतो. ‘ए टू सी’ केबल, म्हणजे एका टोकाला जुनी चौकोनी पिन, चित्रासाठी कधीच कामाची नाही.

अंतर वाढवायचं असेल तर सी टाइपचं एक्स्टेन्शन लावू नका. कन्व्हर्टर मोबाईलपाशी ठेवा आणि पुढे एचडीएमआय केबल लांब घ्या. चांगली साधी एचडीएमआय केबल फुल एचडीसाठी दहा मीटरपर्यंत निभावते. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला पडदा असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल मिळते; तिला दोन टोकं ठरलेली असतात, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कन्व्हर्टरकडे.

विजेचंही बघावं लागतं. कन्व्हर्टर आपली वीज मोबाईलमधूनच घेतो आणि भोक एकच असल्यामुळे चार्जर लावता येत नाही. दोन तासांचा कार्यक्रम असेल तर चार्जिंगचं जादा भोक असलेला कन्व्हर्टर घ्या. त्यात चार्जर आधी जोडा, मोबाईल नंतर. कार्यक्रमाच्या मध्येच चार्जर लावला की दोन्ही उपकरणं विजेबद्दल पुन्हा बोलाचाली करतात आणि पडदा क्षणभर काळा पडतो. लाइट गेली तरी तसंच. पावसाळ्यात खानापूरकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला तर बरं.

आवाजाची काळजी नको, तो एचडीएमआयमधूनच टीव्हीला जातो. फक्त तो टीव्हीतून येणार, म्हणून मंडपाच्या ॲम्प्लिफायरला आवाज द्यायचा तर वायर टीव्हीच्या ऑडिओ आउटमधून काढायची.

जुना प्रोजेक्टर

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या किंवा शाळेच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरला कित्येकदा निळ्या पिनेचं व्हीजीए सॉकेट असतं. व्हीजीए ही आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली पद्धत. ती ॲनालॉग आहे, म्हणून इथेही चिपवाला कन्व्हर्टर लागतो. नुसती पिन बदलणारी वायर चालत नाही. सी टाइप टू व्हीजीए असा थेट कन्व्हर्टर मिळतो, तोच घ्या. एकाला एक जोडून दोन कन्व्हर्टरची माळ केली तर चालते, पण वीज अपुरी पडली की चित्र लुकलुकायला लागतं. व्हीजीएमधून आवाज जात नाही. मोबाईलचा आवाज त्याच्याच स्पीकरमधून किंवा ब्लूटूथने घ्यावा लागेल, किंवा कन्व्हर्टरला छोटं गोल ऑडिओ भोक आहे का ते घेताना पाहावं.

मेनू दिसतो, सिनेमा काळा

सगळं जोडलं, मोबाईलचा पडदा टीव्हीवर आला, आणि ओटीटी ॲपमध्ये सिनेमा लावला की चित्र गायब. कधी नुसता आवाज येतो. यात केबलीचा दोष शोधू नका. सिनेमावाल्यांना कॉपी होण्याची भीती असते, म्हणून इंटेलने बनवलेली एचडीसीपी नावाची कुलूपबंद पद्धत वापरतात. मोबाईल, कन्व्हर्टर आणि टीव्ही या तिघांनी एकमेकांना ओळख पटवली तरच चित्र सुटतं. एक जुना प्रोजेक्टर किंवा एक हलका कन्व्हर्टर मध्ये आला की साखळी तुटते. काही ॲप तर स्वतःहूनच तारेने टीव्हीवर जायला नकार देतात. स्वतः काढलेला व्हिडिओ, फोटो, यूट्यूबवरचं कीर्तन यांना ही अडचण सहसा येत नाही. तसंही ओटीटीची वर्गणी घरगुती बघण्यासाठी असते. ती चौकात मोठ्या पडद्यावर लावायला परवानगी देत नाही.

नसेलच सोय तर

मोबाईलमधून चित्र निघतच नसेल तरी मार्ग आहेत. डिस्प्लेलिंक नावाची चिप असलेले कन्व्हर्टर मिळतात. ते त्या जुन्या ४८० मेगाबिटच्या जोडीवरच चालतात: मोबाईलमधलं एक ॲप पडदा टिपतं, दाबून लहान करतं, आणि कन्व्हर्टर पलीकडे उलगडतो. हे साध्या अँड्रॉइडवरही चालतं, पण महाग पडतं, किंचित उशिराने दिसतं, बॅटरी खातं, आणि कुलूपबंद सिनेमा काळाच राहतो. स्लाइड दाखवायला ठीक. मॅचसाठी मी घेणार नाही.

बिनतारी मार्गात दोन प्रकार. मिराकास्टला वायफायचा डबा लागत नाही, मोबाईल आणि टीव्ही थेट जोडले जातात. टीव्हीत ‘स्क्रीन मिररिंग’ असतं ते सहसा हेच. क्रोमकास्ट पद्धतीत दोघं एकाच वायफायवर असावे लागतात, आणि यूट्यूब मग टीव्ही स्वतःच नेटवरून खेचतो, मोबाईल फक्त रिमोट होतो. आज्जीला घरी भजनं लावून द्यायला याच्याइतकं सुटसुटीत काही नाही, तारेचा पसाराच नको. पण शेकडो माणसं खिशात मोबाईल घेऊन उभी असतात त्या गर्दीत बिनतारी जोडणी अडखळते. मिरवणुकीच्या चित्ररथावर तिच्या भरवशावर राहू नये.

आणि मंडळाला ठरलेलाच व्हिडिओ रात्रभर फिरवायचा असेल तर मोबाईल हवाच कशाला? टीव्हीच्या त्या चौकोनी भोकात पेनड्राइव्ह लावा. दोन्ही टोकांचा, सी टाइप आणि जुन्या पिनेचा पेनड्राइव्ह घेतला की मोबाईलमधून व्हिडिओ थेट त्यात भरता येतो. व्हिडिओ एमपी४ फाइलमध्ये, एच.२६४ प्रकारात ठेवा. टीव्ही जुना असला तरी तो बहुतेक ठिकाणी चालतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे लांब व्हिडिओचे तुकडे करा. टीव्हीच्या प्लेअरमध्ये ‘रिपीट ऑल’ चालू करा, आणि काही वेळ हालचाल नसली की टीव्ही आपोआप बंद करणारं पॉवर सेव्हिंगचं सेटिंग तेवढं आधी काढून टाका.